धोटा बँडचं पहिलं गाणं

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पलीकडच्या शेडमधला एखादा माग बिघडलाय.

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. चोवीस माग एका लयीत खटखटत असतात आणि मध्येच एखादा पाय ओढायला लागतो. साड्यांच्या एका दुकानाच्या जाहिरातीसाठी मला मागांचा आवाज हवा होता, म्हणून भर दुपारी गळ्यात रेकॉर्डर अडकवून, कानाला हेडफोन लावून मी त्या कारखान्यात उभा होतो. रेकॉर्डरचं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि आलेलं काम विसरलो. माग ठणठणीत होता. भिंतीपलीकडं कुणीतरी ड्रम वाजवत होतं, तेही मागांच्या खटखटीला धरून, तिच्या मधल्या फटींत आपले ठोके भरत.

मागच्या दारानं पलीकडं गेलो. सुताची पोती रचलेल्या खोलीत चार पोरं. दोन गिटारी, माईक तोंडात कोंबल्यासारखा धरलेला एक पोरगा, आणि ड्रमवर केसांचा अंबाडा घट्ट बांधलेली सतरा-अठरा वर्षांची मुलगी. माईकवाला असा ओरडत होता की त्याच्या मानेच्या शिरा दारातून दिसाव्यात, आणि पुढच्याच ओळीला तोच पोरगा इतका गोड गायला की मी चमकलो. मग गाणं एकदम थांबलं. चार ठोके नुसती शांतता. आणि मग चौघं मिळून अर्ध्या वेगानं असे कोसळले की माझी छाती दणाणली.

याला मेटलकोअर म्हणतात. आपल्याकडं बरेच जण याला गोंगाट म्हणतात, म्हणू देत. हे जे थांबून कोसळणं असतं त्याला ब्रेकडाउन म्हणतात, आणि बँडची खरी लायकी तिथंच कळते. वीस वर्षं मी परदेशातल्या बँडांचे ब्रेकडाउन ऐकत आलो होतो. सुताच्या पोत्यांतला हा ब्रेकडाउन त्यातल्या निम्म्यांना पाणी पाजत होता.

"इथं का वाजवता रे?" मी विचारलं.

"इथं कोण तक्रार करणार, काका?" माईकवाला हसला. त्याचं नाव तौफिक. "आमच्यापेक्षा माग मोठ्यानं बोंबलत्यात."

"बँडचं नाव?"

"धोटा."

मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी धोटा. गावातल्या प्रत्येकानं लहानपणी कधी ना कधी तो खेळायला घेतलेला असतो. मला नाव आवडलं.

ड्रमवरची मुलगी माझ्याकडं टक लावून बघत होती. "तुम्ही कुबेर मगदूम न्हवं? स्टुडिओवाले? पप्पा म्हणाले हुते, रेकॉर्डिंग करायचं तर त्यांच्याकडंच जावा. आमचं धाडस होत न्हवतं."

"पप्पा कोण तुझे?"

"भास्कर वायदंडे. मी निशिगंधा."

मी शेजारच्या पोत्यावर बसलो. तिचा डावा हात उजव्याच्या आधी पडत होता ते मी दारातूनच पाहिलं होतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. असा उलटा हात मी आयुष्यात एकाच माणसाचा पाहिला होता.

ही गोष्ट दोन हजार अठरा सालातली. पण ती कळायला नव्व्याण्णव सालात जायला लागेल. तेव्हा मी कॉलेजात गिटार वाजवत होतो आणि भास्कर आमच्या बँडचा ड्रमर होता. त्याचे वडील गावातले नावाजलेले हलगीवाले. पोरानं हलगीचा हात ड्रमवर आणला आणि आमचं नशीब उजळलं. त्याच्याशिवाय आम्ही तीन गिटारी बडवणारी पोरं होतो, दुसरं काही नाही.

त्या साली कॉलेजच्या गॅदरिंगात गाण्यांची स्पर्धा होती. परीक्षक होते रघुवीर देशिंगकर सर. गावात त्यांचं संगीत विद्यालय होतं, तीन पिढ्या त्यांच्यापुढं मांडी घालून सा लावायला शिकल्या होत्या. आमचं गाणं तिसऱ्या मिनिटाला पोचलं असेल, सर उठले, निवेदिकेच्या हातातला माईक घेतला आणि साउंडवाल्याला हात करून आमचा आवाज बंद करवला. म्हणाले, "थांबवा हे. याला संगीत म्हणत नाहीत. कुत्र्यांच्या भांडणालासुद्धा याहून बरा ताल असतो."

आठशे पोरं हसली. त्या हसण्यात माझी आतेबहीण होती, माझे मास्तर होते, आणि जिच्यासाठी मी ते गाणं बांधलं होतं ती पहिल्या रांगेत तोंडाला रुमाल लावून हसत होती. त्या दिवसानंतर आमचा बँड पुन्हा जमला नाही. भास्कर मागावर गेला. मी निवडणुकीच्या रिक्षांसाठी घोषणा, वाढदिवसाची गाणी आणि भजनी मंडळाच्या सीडी रेकॉर्ड करत पोट भरू लागलो. एकाच गावात राहून आम्ही दोघं एकोणीस वर्षं एकमेकांना लांबूनच हात करत होतो.

पण एक गोष्ट माझ्याजवळ राहिली होती. साउंडवाल्यानं त्या दिवशी सगळा कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेतला होता, आणि ती कॅसेट मी त्याच्याकडून मागून आणली होती. मधूनमधून लावायचो. सरांचं ते वाक्य संपलं, पोरं हसायला लागली, की बंद करायचो. रक्त तापवायला तेवढं पुरत होतं. म्हाताऱ्यानं माझं आयुष्य खाल्लं, असं मी लोकांना सांगायचो आणि मलाही ते पटलेलं होतं.

पोरांना दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत बोलावलं. एक पैसा घेणार नाही म्हटलं तर तौफिक माझ्या पाया पडायला निघाला. त्यांचं पहिलं गाणं, 'गाठ', आम्ही पंधरा दिवस खपून रेकॉर्ड केलं. ती पोरं काय वाजवत होती! निशी चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची आणि परत पहिल्यापासून वाजवायची. तौफिक बागवान गल्लीत सकाळी फळं विकून यायचा आणि ओरडून ओरडून घसा बसला की मध चाटत बसायचा. माझ्यासारख्या मेलेल्या कानाच्या माणसालाही पंधरा दिवसांत पालवी फुटली.

ब्रेकडाउनच्या आधीची ती शांतता मिक्स करताना माझ्या डोक्यात ते आलं. या प्रकारच्या गाण्यांत रीतच आहे, कोसळण्याच्या आधी सगळं थांबतं आणि एखादं वाक्य नुसतं बोललं जातं. कुणाचं तरी भाषण, फोनवरचं बोलणं, काहीही. मग त्या वाक्याच्या डोक्यावर सगळा बँड पडतो.

"इथं मोकळं मोकळं वाटतंय," मी म्हटलं. "एक वाक्य टाकूया."

"कुणाचं?" तौफिकनं विचारलं.

मी कॅसेट काढली. सगळी बाजू संगणकात उतरवून घेतली, तेवढं वाक्य ठेवलं आणि वाजवलं. कुत्र्यांच्या भांडणालासुद्धा याहून बरा ताल असतो. आणि त्यावर निशीचा ड्रम असा आदळला की दोघं गिटारवाले खुर्चीवरून उडाले.

"आयला, नाद खुळा!" तौफिक ओरडला. "कोण हाय ह्यो म्हातारा?"

मी सांगितलं. निशी तोवर हसत होती, ती थांबली.

"म्हंजे पप्पांना म्हणाले हुते हे? पप्पा स्टेजवर हुते?"

"ड्रमवर होते."

"पप्पांनी मला कधी सांगितलं न्हाई." तिनं काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या. "ते एवढंच म्हणत्यात की मला जमलं न्हाई म्हणून सोडलं. मी म्हणायची, असं कसं जमलं न्हाई? घरात ताटावर बोटं वाजवत्यात तर आम्ही जेवायचं थांबतो." तिचे डोळे भरले होते. "लावा, काका. पप्पांचं नाव घेऊन लावा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एकोणीस वर्षं मी एकटाच त्या म्हाताऱ्यावर दात खात होतो. आता बाजूला पलटण होती, आणि तिच्यात भास्करची पोरगी होती.

त्यातच देशिंगकर सरांची पंचाहत्तरी आली. रविवारी सकाळी शिष्य मंडळींनी त्यांचा जाहीर सत्कार ठेवला होता, आणि सभागृहाच्या साउंडचं काम कुणाकडं असावं? माझ्याकडं. देव एवढं सरळ देतो तेव्हा माणसानं थोडं बिचकायला हवं, पण मी कसला बिचकतोय! कार्यक्रमात शिष्यांनी केलेली एक चित्रफीत दाखवायची होती. त्या वेळी मी चुकून दुसरीच फाइल लावणार होतो. साउंडवाल्याच्या चुका लोक माफ करतात. नंतर कान धरून उभं राहिलं की झालं.

"त्याच मिनिटाला तुम्ही नेटवर सोडा गाणं," मी पोरांना सांगितलं. "सकाळी अकरा. संध्याकाळपर्यंत सगळं गाव त्याच्या आवाजावर हसतंय बघा."

गुरुवारी निशीनं सगळं काम पेन ड्राइव्हवर मागितलं. तिला तिच्या ड्रमचे दोन ठोके खटकत होते. घरी भावाच्या संगणकावर नीट करून आणते म्हणाली. मी दिलं, वर माझे हेडफोनही दिले. तिच्या कानावर माझा इतका विश्वास बसला होता की ती काही बिघडवेल अशी भीतीच नव्हती.

रविवारी ती आली तेव्हा हॉल भरत आला होता. पुढच्या रांगांत रेशमी काठ, अत्तर, फेटे. स्टेजवर हार, शाल, समई. मी हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सरपाशी बसलो होतो. निशीनं पेन ड्राइव्ह पुढं केला.

"फायनल," ती म्हणाली.

"झालं समाधान? ठोके बसले?"

"बसले." तिनं माझ्याकडं बघितलं, नेहमीसारखं हसली नाही. "पप्पा पण आलेत."

शेवटच्या रांगेत भास्कर बसला होता. केस निम्मे पांढरे, मागावरच्या सुताची धूळ भुवयांत अडकलेली. मी हात केला. त्यानं मान हलवली. मला वाटलं, किती चांगलं झालं, त्याच्यासमोरच होतंय. आज त्याचंही देणं मी फेडतोय.

फाइल ऐकून बघितली नाही. दोनशे वेळा ऐकलेलं गाणं परत काय ऐकायचं? या धंद्यात पोरासोरांना मी पहिला धडा हा देतो की दुसऱ्याच्या हातून आलेली फाइल ऐकल्याशिवाय लावू नका.

सत्कार झाला. सरांनी मोजकं बोलून हात जोडले. आवाज थकला होता पण सुरातच होता. निवेदक म्हणाला, "आता सरांच्या शिष्यांनी प्रेमानं तयार केलेली चित्रफीत आपण पाहूया." दिवे मंद झाले. मी बटण दाबलं.

गिटारींनी भिंती हलवल्या. पुढच्या रांगेत एका बाईंनी कानांवर हात घेतले. कुणीतरी "अहो साउंड, अहो साउंड!" म्हणून ओरडू लागलं, मी गोंधळल्यासारखं वायरी चाचपत बसलो. सरांचं वाक्य येईपर्यंत दोन मिनिटं चाळीस सेकंद रेटायची होती. तौफिक ओरडला, गायला, परत ओरडला. मग गाणं थांबलं.

"थांबवा हे," स्पीकरमधून देशिंगकर सर म्हणाले. "याला संगीत म्हणत नाहीत. कुत्र्यांच्या भांडणालासुद्धा याहून बरा ताल असतो."

हॉलमध्ये एकदम सगळे गप्प. त्यांचा आवाज कोण ओळखणार नाही? स्टेजवर म्हाताऱ्याची मान वर झाली. ती वर होताना बघण्यासाठी मी एकोणीस वर्षं थांबलो होतो, आणि खरं सांगतो, चव गोड होती.

मी ठोके मोजले. एक, दोन, तीन, चार. आता कोसळायला हवं होतं.

कोसळलं नाही. स्पीकरमधून जुन्या पोरांचं हसणं येत राहिलं. मग माईक दुसऱ्याच्या हातात गेल्याची खरखर. मग एक कोवळा, रडवेला आवाज.

"सॉरी सर. माफ करा सर. आमचं चुकलं."

हा कोण, असा प्रश्न मला खरोखर पडला. अर्धा सेकंद पडला.

"आमचं नव्हतं सर हे, सगळं त्या भास्करचं. आम्ही त्याला घेतलाच नव्हता, तोच मागं लागला. हलगीवाल्याचं पोरगं आहे सर, त्याला बडवण्यापलीकडं काय येतंय? आम्ही त्याला आजच काढून टाकतो सर. आम्हाला बाद करू नका."

आणि मग कोसळलं. निशीचे दोन्ही पाय, दोन्ही हात, गावातले सगळे माग एका वेळी माझ्या अंगावर आल्यासारखे.

मी आवाजाची पट्टी खाली ओढली. हात माझाच होता, मी थांबवू शकलो नाही. गाणं पहिल्या ठोक्यालाच मुकं झालं.

देशिंगकर सरांनी समोरचा माईक जवळ ओढला. "पहिला आवाज माझा आहे," ते म्हणाले. "ओळखला मी. असं बोललो होतो, ते आता ऐकायला बरं वाटत नाही." मग त्यांनी विचारलं, "दुसरा कुणाचा?"

माझ्या डोळ्यांसमोर मिक्सरचे लाल दिवे होते आणि मी त्यांच्याकडं बघत राहिलो. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भास्कर उठला होता. आता हा माझं नाव घेणार, असं मला वाटलं. घ्यावं असंही वाटलं, म्हणजे एकदाचं संपलं असतं.

तो चालत माझ्यापाशी आला. माझ्याकडं बघितलंही नाही. मिक्सरवर वाकून त्यानं एक बोट टेकवलं, पट्टी शोधली आणि हळूहळू वर सरकवली.

गाणं परत हॉलमध्ये आलं. लोक उठून चालले होते, कुणी शिव्या देत होतं, आयोजक माझ्या दिशेनं धावत होते. भास्कर डोळे मिटून उभा होता आणि त्याची बोटं टेबलाच्या कडेवर वाजत होती, डावं आधी, उजवं नंतर. स्टेजवर सर शाल पांघरून जागच्या जागी बसून राहिले. शेवटचा ठोका पडला तेव्हा भास्करनं डोळे उघडले, पोरीला मानेनं चल म्हणाला, आणि दोघं दारातून बाहेर गेले.

आठ दिवसांनी निशी माझे हेडफोन परत द्यायला आली. तोवर गाणं गावात फिरलं होतं, गावाबाहेरही. पुण्या-मुंबईची पोरं लिहीत होती की असा ब्रेकडाउन कुठं ऐकला नाही, आणि तो रडणारा आवाज कोण, नट आहे का, किती खरा वाटतो. देशिंगकरांवर फारसं कुणी हसत नव्हतं.

"कसं सापडलं तुला?" मी विचारलं.

"तुम्ही ते वाक्य कातरलं हुतं, पण पुढचं पुसलं न्हवतं. ठोके बघताना चुकून पडद्यावर त्या वाक्याच्या पट्टीची कड ओढली गेली माझ्याकडनं. ओढली तर पुढं अजून बोलणं हुतं. अजून ओढली." तिनं हेडफोन टेबलावर नीट ठेवले, वायर गुंडाळली. "मग मी गाणं तेवढं पुढं सरकवलं. जागा केली तुम्हाला."

"भास्करला... तुझ्या पप्पांना माहीत होतं?"

"काय इचारता, काका? तुम्ही बोलत हुता तवा ते तुमच्या मागंच ड्रमवर बसले हुते की."

एकोणीस वर्षं मी त्या कॅसेटचं बटण वेळेवर दाबत आलो होतो. तो माणूस माझ्या पाठीमागं बसला होता, हे मी कधी मनातही येऊ दिलं नव्हतं.

"मग तुला माझ्याकडं का पाठवलं त्यानं?"

"मी पण हेच इचारलं. म्हणाले, ड्रमचा आवाज नीट धरणारा गावात एकच माणूस हाय, त्याच्याकडंच जायचं. बाकीचं सोडून दे." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मी पप्पा न्हाई, काका."

गाणं अजून नेटवर आहे. धोटा आता मोठा बँड झालाय, त्यांचे तीन अल्बम आले, दोन परदेशात गाजले, पण मैफलीत लोक अजून 'गाठ'च मागतात. ते गाणं थांबतं तेव्हा हजारो पोरं माझी ती वाक्यं पाठ असल्यासारखी एका सुरात म्हणतात, माफ करा सर, आमचं चुकलं, आणि मग उड्या मारायला लागतात. काढून टाक म्हणून सांगायला मी दोनदा निशीचा नंबर लावला आणि दोन्ही वेळा तिनं उचलायच्या आत ठेवून दिला.

गाण्याखाली तिनं कलाकारांची यादी दिली आहे. आवाज, गिटार, ड्रम, सगळ्यांची नावं. पुढं लिहिलंय, ध्वनिमुद्रण कुबेर मगदूम. आणि त्याच्याही खाली एक ओळ आहे: गाण्यातला दुसरा आवाज, कुबेर मगदूम.